लाल दिवा मी काढला होता

विहीणबाई, तो लाल दिवा मी काढला होता. तुमच्या सांगण्यावरून नाही, माझ्या स्वतःच्या अकलेनं. आणि काढताना मला वाटत होतं, तुमच्या गाडीवर मी केवढे उपकार करते आहे.

हे एवढं लिहायला तुमच्या जाण्याची वाट पाहावी लागली. तुम्हीच बजावून ठेवलं होतं, "मी हाय तवरी हे रंजूच्या कानावर जाऊ द्याचं नाही." म्हणून तुम्ही होतात तोवर मी तोंड उघडलं नाही. माझ्यासारख्या बाईनं एखादी गोष्ट इतकी वर्षं पोटात ठेवली यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. तुमचाही बसत नव्हता. दर भेटीत, रंजू, माझी लेक आणि तुमची सून, पाणी आणायला आत गेली की तुम्ही डोळ्यांनीच विचारायच्या, सांगितलं तर नाही ना?

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं, तुमच्या आठवणीची सभा. माणसं उठून बोलली. कुणी तुम्हाला मायाळू म्हणालं, कुणी कष्टाळू म्हणालं. मी मागं भिंतीला टेकून ऐकत होते. सगळं खरं होतं आणि त्यात तुम्ही कुठंच नव्हता. तुम्ही जीप चालवायच्या हे फक्त एकानं सांगितलं, तेही तुमच्या मालकांची आठवण काढता काढता. मालक गेल्यावर गाडी विकायची असं सगळ्या भावकीनं ठरवलं आणि तुम्ही चावी पोलक्यात खोचून चुलीपाशी जाऊन बसलात, हे कुणी बोललंच नाही. मला उठून बोलायचं होतं. पण बोलायला लागले असते तर दिव्यापाशी येऊन अडकले असते. म्हणून इथं लिहिते. चुकलं तिथं टोकायला तुम्ही नाही, तेव्हा जपून लिहिते.

त्या वेळी मी पन्नाशीत होते. आज त्या बाईची मला गंमत वाटते. स्वतःला भारी हिशेबी समजायची. लोडशेडिंगच्या दिवसांत तिला एकच वेड होतं: कुठं दिवा जळताना दिसला की जाऊन बंद करायचा. तुमच्याकडे मुक्कामाला आले की तुम्ही न्हाणीत जायच्या आणि मी बाहेरून बटण बंद करायचे. आतून तुमचा आवाज यायचा, "इहीणबाई, मी हाय न आत." मी म्हणायचे, "मंग सांगून जात जा." अंधारात अंघोळ करणारी विहीण मला चालत होती, पण जळता दिवा चालत नव्हता.

तर रंजूला बुलढाण्याला जायचं होतं त्याच्या आदल्या दिवशी आपण दोघी जीप घेऊन चिखलीला गेलो. आठवडाभर स्टिअरिंगच्या मागचा तो लाल दिवा सारखा जळत होता. एरवी तो चावी फिरवली की लागायचा आणि इंजिन सुरू झालं की विझायचा. आता विझतच नव्हता. तुम्ही म्हणालात, आल्टरनेटर गेला. मी विचारलं, म्हणजे काय गेलं?

"इंजिनासंग फिरून बॅटरी भरते थो," तुम्ही म्हणालात. "हिरीवरची मोटर समजा. मोटर बंद पडली तं टाकीतलं पाणी किती येळ पुरन?"

टाकीचं मला लगेच कळलं. तुम्ही फार चांगलं समजावलंत, तिथंच घोटाळा झाला. टाकी भरत नसेल तर शहाणी बाई आधी काय करते? गळके नळ बंद करते.

गाड्यांचं वायरिंग करणाऱ्या सलीमभाईंच्या दुकानासमोर गाडी लावली. त्यांनी चावी फिरवली, मग डॅशबोर्डच्या खालून हात घालून त्या लाल दिव्याचा होल्डर ओढून काढला, दिवा पाहिला, परत जागेवर खोचला. मी शेजारच्या सीटवरून पाहत होते. मला वाटलं, एवढंच? मग आल्टरनेटर गेलाच आहे असं सांगून ते नवा आणायला समोरच्या दुकानात गेले. तुम्ही चहा सांगायला गेलात. चावी फिरवलेली तशीच राहिली. गाडी उभी, इंजिन बंद, बघायला कुणी नाही, आणि तो दिवा आपला जळतोय. विहीणबाई, माझा हात आपोआप गेला. होल्डर ओढला, चिंचोक्याएवढा दिवा उपसला, गरम होता म्हणून फुंकर घातली, रुमालात बांधला आणि पिशवीत टाकला. रिकामा होल्डर होता तसा खोचून दिला. मग हात झटकून बसले, एखादा नळ पक्का आवळून आल्यासारखी.

सलीमभाईंनी नवा आल्टरनेटर बसवला, तुम्हाला गाडी सुरू करायला लावली आणि खिडकीतून आत पाहिलं. लाल दिवा नव्हता. "बत्ती गेली," ते म्हणाले. "म्हंजे चार्जिंग आली." दुकानापुढं दोन ट्रॅक्टर ताटकळत उभे होते, मीटर लावून बघायचं राहून गेलं. त्यांना तरी काय बोल लावायचा? दिवा चांगला आहे हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. तुम्ही खुश झालात. मीही हसले. बत्ती खरी कुणी घालवली ते मलाच ठाऊक होतं ना. आज ती हसणारी बाई भेटली तर मी तिचा कान धरून तिला त्याच रस्त्यानं पायी घरी नेईन.

घरी येताना अंधारलं म्हणून तुम्ही मोठे दिवे लावले. टाकी आणखी खाली गेली. आपल्याला पत्ता नव्हता.

जेवायला बसलो तेव्हा ती गोष्ट निघाली जिच्यासाठी मी मुळात तुमच्या घरी येऊन बसले होते. रंजूला आरोग्यसेविकेची नोकरी लागली होती. बाळंतपणामुळं तिनं हजर व्हायची मुदत एकदा वाढवून घेतली होती आणि ती दुसऱ्या दिवशी संपत होती. बुलढाण्याला ऑफिस सुटायच्या आत जाऊन सही केली नाही तर जागा यादीतल्या पुढच्या बाईला जाणार होती. बाळ नुकतं मान धरायला लागलं होतं. जावई पुण्याला कंपनीत. नेमणूक दोन तालुके ओलांडून. मी तिची आई, मी नको म्हणत होते. तुम्ही तिची सासू, तुम्ही जा म्हणत होत्या. गावात बायका कुजबुजायच्या, या दोघींची अदलाबदल झाली काय.

"लेकरू कोण पाहीन?" मी म्हणाले.

"मी पाहीन. तिच्यासंगं जाऊन राहीन तिकडे," तुम्ही म्हणालात.

"अन् गाडी, ढोरं, शेत?"

"ते मले सांगता का तुम्ही? तुमचं काय जाऊन राह्यलं त्याच्यात?"

रंजू ताटात बोट फिरवत होती. मला उत्तर सुचेना. आणि उत्तर सुचलं नाही की त्या वेळची मी जे तोंडात येईल ते बोलायची. मी म्हणाले, "उद्या गाडीच नाही निघाली तं बरं होईन."

रंजूनं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मग उठून हात धुतले.  त्या वेळी ते वाक्य नुसतं कडू होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो पुरावा झाला होता.

सकाळी तुम्ही चावी फिरवली तर स्टार्टर नुसता कण्हला. शेजारच्या गड्यांनी धक्का दिला तेव्हा इंजिन लागलं. तुम्ही लगेच सलीमभाईंना फोन केला. नवा आल्टरनेटर, तरी धक्का काऊन? त्यांनी विचारलं, "लाल बत्ती लागून राह्यली काय?" तुम्ही पाहिलं. नाही. "मंग चार्जिंग चालू हाय. बॅटरी पार उतरली असन. चालवा, रस्त्यानं भरन."

त्या दिवशी एसटीचा संप होता. काळीपिवळ्या जीपा माणसांनी लगडून येत होत्या, टपावरही जागा नव्हती. आपली जीप नसती तर रंजूला बुलढाणा दिसलंच नसतं. तुम्ही गाडी चालवायला, रंजू मधे, मी खिडकीशी बाळाला घेऊन. अमडापूर यायच्या आधी रस्त्यात शेळ्या आडव्या आल्या आणि तुम्ही हॉर्न दाबला. हॉर्नमधून आवाज निघाला तो शेळीच्याच जातीचा. तुमचा चेहरा बदलला.

"आवाज बसला," तुम्ही म्हणालात. "करंट येऊन नाही राह्यला."

"पण बत्ती तं नाही लागली," रंजू म्हणाली.

"तेच समजून नाही राह्यलं मले."

मला समजून राह्यलं होतं असं आज कुणी म्हणेल. शपथेवर सांगते, काडीचंही समजलं नव्हतं. उलट मला वाटलं, बरं झालं मी तो दिवा काढला, नाही तर बॅटरी कालच संपली असती.

तुम्ही सांगितलं की या गाडीला डिझेलच्या पंपावर एक झडप आहे, ती करंटवर उघडी राहते. करंट पार गेला की डिझेल बंद आणि गाडी जागेवर. तेव्हा आता हॉर्न नाही, वळायचा दिवा नाही, काही नाही. आणि रस्त्यात तर ढोरं, सायकली, कापसाच्या गाड्या. मग हॉर्न मी झाले. बाळ रंजूच्या मांडीवर दिलं आणि खिडकीतून अर्धी बाहेर निघाले. "ओ दादा, बाजूले व्हा. ओ बाई, बकरी आवरा. ब्रेक हाय पण भोंगा नाही." अमडापूरच्या बाजारातून आपण अशा गेलो. एक म्हातारा म्हणाला, "बाई, लगनाची गाडी हाय का?" दुसरी कुठली वेळ असती तर तुम्ही गाडी थांबवून हसला असता. त्या दिवशी तुमची नजर रस्त्यावरून हलली नाही, आणि रंजू माझ्याकडे बघतही नव्हती.

अमडापूर मागं पडलं. पुढच्या चढावर इंजिनानं आचके द्यायला सुरुवात केली. तुम्ही पुढं वाकून बसलात, जणू तुमच्या वजनानं ती पुढं सरकणार होती. कशीबशी माथ्यावर आणली, आणि उताराच्या तोंडाशी इंजिन गप झालं. तुम्ही तिथंच ब्रेक दाबला. रंजू म्हणाली, "उतारावर सोडा न, मामीजी, लागन." तुम्ही म्हणालात, "करंट नाही तं काय लागन? उतार एकच हाय. खाली सपाटी हाय. वाया गेला तं आपून तिघी ढकलून ढकलून मरू." चाकाला दगड लावला आणि बॉनेट उघडलं.

तुम्ही पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. बॅटरीच्या जाड तारा हलवून पाहिल्या, घट्ट होत्या. फोन लावून बॉनेटवर ठेवला, आवाज मोठा केला. सलीमभाई आधी चिडले. "बाई, माल नवा हाय. माह्यावर नोका ढकलू."

"तुमच्यावर नाही ढकलून राह्यली, गाडी ढकलाची पाळी आली तं सांगून राह्यली. पोरीले ऑफिसात हजर व्हाचं हाय आज. डोकं लावा."

ते नरमले. मग म्हणाले, "आल्टरनेटरच्या मागं एक बारीक तार हाय. निघाली काय पाहा." तुम्ही वाकून पाहिलं. तार जागेवर होती.

"मंग आता चावी फिरवा. इंजिन बंद असतानी लाल बत्ती लागाले पाह्यजे. लागते काय?"

तुम्ही आत येऊन चावी फिरवली. इतका वेळ थांबल्यामुळं बॅटरीत जरा जीव आला होता. ऑइलचा दिवा मिणमिणला. लाल दिव्याची जागा काळीच.

"नाही लागत."

"आं?" फोनमधून आवाज आला. "मंग थेच हाय. त्या बत्तीतूनच बारीक तारीले करंट जाते. नव्या आल्टरनेटरले सुरू व्हाले थोडासा करंट लागते, थो त्या बत्तीतून भेटते. बत्ती नाही तं थो नुसता फिरते, भरत काईच नाही. पण बत्ती तं म्या काल पाह्यली होती. चांगली होती."

विहीणबाई, मी खिडकीशी बाळाला घेऊन उभी होते. ते शब्द मी ऐकले. गळका नळ म्हणून जो मी बंद केला होता, तोच त्या मोटरीचं बटण होता.

तुम्ही खालून हात घातला. होल्डर ओढला. रिकामा होल्डर तुमच्या बोटांत लोंबत राहिला, आणि आपण तिघींनी तो पाहिला. दुचाकीवरून जाणारी दोन माणसं थांबली होती, तीही बघत होती.

"दिवा कोनं काढला?" रंजू म्हणाली.

 मग ती माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला आजही दिसतो. राग नव्हता अजून. राग यायच्या आधी माणूस क्षणभर थांबतं, समोरच्यानं काहीतरी बोलावं म्हणून; तसा होता. "आई?"

मला खरं सांगायचं होतं. बाई, मी नळ म्हणून काढला गं, टाकी वाचावी म्हणून. पण आदल्या रात्रीचं माझं वाक्य आमच्या दोघींच्या मधे उभं होतं. मी काहीही बोलले असते तरी तिनं आधी तेच ऐकलं असतं.  आयुष्यात पहिल्यांदा मला उत्तर सुचलं नाही आणि तोंडात काही आलंही नाही.

आणि तुम्ही म्हणालात, "मीच सांगतलं होतं त्याईले, काढून ठेवा म्हून. लाल उजेड डोयात जाते माह्या. मले काय माहीत त्याच्यावर आल्टरनेटर चालते." मग माझ्यापुढं हात पसरलात. "द्या इकडे, इहीणबाई."

जरासुद्धा अडखळला नाहीत. दिवा माझ्याजवळ आहे हे तुम्हाला कसं कळलं, ते मी कधी विचारलं नाही. पिशवीच्या बंदावर माझा हात गेला असेल. मी रुमाल सोडला, दिवा तुमच्या तळहातावर ठेवला. रंजू तुमच्याकडे पाहत होती, मग माझ्याकडे. तिनं श्वास सोडला. "तुम्ही दोघी मिळून एक दिवस मले पागल करसान," ती म्हणाली आणि गाडीच्या मागं जाऊन ढकलायला उभी राहिली.

तुम्ही दिवा बसवला. चावी फिरवली. लाल उजेड आला, मंद, पण आला. दुचाकीवरच्या माणसांना हाक मारलीत. ती दोघं आणि रंजू मागं, मी बाळाला घेऊन रस्त्याच्या कडेला. तुम्ही दगड काढायला सांगितलंत, आणि जीप आवाज न करता उतारावरून सुटली.

आता जे लिहिते ते तुम्हालाही माहीत नव्हतं. मी बाळाला छातीशी धरून वरून पाहत होते. रंजू काही अंतर गाडीमागं पळाली, मग थांबली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली. जीप अर्ध्या उतारावर गेली तरी इंजिन लागलं नव्हतं. आणि माझ्या मनात आलं, नाही लागली तर? पोरगी घरी राहील. बाळ घरी राहील. दिवा कुणी काढला याचं उत्तरही आता दिलेलं होतं, माझ्यावर काही येणार नव्हतं. तेवढा एक क्षण मी खरंच इच्छा केली की ती लागू नये. दिवा मी मूर्खपणानं काढला होता, त्यात खोट नव्हती. खोट या क्षणात होती. आणि तुम्ही नुकतंच मला वाचवलं होतं, तेही रंजूला बुलढाण्याला पोचवायला निघालेल्या गाडीत.

मग उताराच्या शेवटी क्लच सुटला, गाडीला हिसका बसला, धूर आला. आवाज वरपर्यंत पोचायला जरा वेळ लागला. इंजिन धडधडत होतं. तुम्ही ते जोरात फिरवलं, आणि मग हॉर्न वाजवला. आधी घोगरा, मग मोकळा. मी बाळाला घेऊन उतारावरून चालत आले ती खाली मान घालून. तुम्हाला वाटलं उतारामुळं. तुम्ही काचेतून बोट दाखवलंत: लाल दिवा विझला होता. या खेपेला खराखुरा विझला होता.

पुढं चिखलीत सलीमभाईंच्या दुकानावरून गेलो तेव्हा ते रस्त्यावर येऊन उभे होते. तुम्ही थांबला नाहीत, थांबायला वेळच नव्हता. नुसता हात केलात. त्यांनी बंद मुठीचा अंगठा वर करून विचारलं आणि तुम्ही मान हलवलीत. बुलढाण्याच्या रस्त्याला रंजूनं बाळाला पाजलं, पदर सारखा केला, केसांवरून हात फिरवला. घाटातल्या एका वळणावर ती म्हणाली, "मामीजी, टाइम होईन न?" तुम्ही म्हणालात, "होईन. इंजिन बंद नाही करत मी आता, तुह्या ऑफिसाच्या पायरीवर न्यावी लागली तरी." तुमच्या दोघींचं ते बोलणं ऐकत मी बसले होते, आणि मला पहिल्यांदा वाटलं की ही पोरगी माझी असून मी तिच्या गाडीत पाहुणी आहे.

तुमच्या शेवटच्या आठवड्यात मी रोज दवाखान्यात यायचे. हे सगळं बोलायचं ठरवून यायचे. त्या क्षणाचं तर नक्कीच. तुमचा हात हातात घ्यायचे, सलाईनची सुई टोचलेला, आणि काय बोलायचे? "इथल्या चहात साखर कमी असते." तुम्ही डोळे मिटून हसायच्या. एकदा तुम्हीच म्हणालात, "तो दिवा करंट खाते का नाही, ते काई ठरलं नाही आपलं." मी म्हणाले, "खाते तं खाते. थोडा खाते, पण खाते." तुम्ही म्हणालात, "हट्टी बाई हाय." ते भांडण तसंच राहिलं. बाकीचं बोलणंही तसंच राहिलं. आभार मानायची मला सवय नाही. तुम्हाला ऐकायची नव्हती. दोघींनी मिळून ते काम कधी होऊच दिलं नाही.

तुमच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं. माझी सून आणि तिच्या आईनं माझी गाडी बंद पाडली, तीही आदल्या रात्री तसं बोलून. मी गप्प राहिले असते. खोटं बोलले नसते, खरंही बोलले नसते. होल्डर हातात धरून उभी राहिले असते आणि मायलेकींचं काय ते होऊ दिलं असतं. त्याला मी वर न्यायही म्हटलं असतं.

रंजूनं पुढं नोकरी केली. तुम्ही म्हणाल्याप्रमाणे तिच्यासोबत जाऊन राहिलात, गाडी आणि ढोरं कुणाकुणाच्या भरवशावर टाकून. बाळाला आता मिशी फुटली आहे आणि त्याला गाडी शिकवली तीही तुम्हीच. या सगळ्यात मी काय केलं, तर दर सुट्टीत येऊन तुमच्या घरातले दिवे बंद केले. रंजू आजही माहेरी येते, माझ्या मांडीवर डोकं ठेवते, आणि तिच्या मनात माझ्याबद्दल त्या रस्त्याचा एक खडाही नाही. ती रिकामी जागा तुम्ही ठेवलेली आहे. हे वाचल्यावर तिला काय वाटेल मला माहीत नाही. रागावली तर रागावू दे. आता तेवढं सोसायला मी पुरेशी म्हातारी आहे. तुम्ही तेव्हा जे दिलंत ते फुकट मिळालं असं तिनं समजू नये, म्हणून सांगते आहे.

त्या दिवशी रंजू ऑफिसच्या पायऱ्या चढून आत गेली, मागं वळून न बघता. शिपाई दार लोटायच्या बेतात होता, तिला बघून त्यानं ते धरून ठेवलं. बाळ माझ्या खांद्यावर झोपलं होतं. जीप बाहेर लिंबाखाली उभी, इंजिन चालू, तुमचा पाय अजून क्लचवर. आपण दोघी त्या दाराकडे बघत होतो. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, "माह्यासाठी काऊन खोटं बोलल्या तुम्ही?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंही नाही. दाराकडे बघतच म्हणालात:

"तुमच्यासाठी नाही बोलली मी, इहीणबाई. नोकरीच्या पह्यल्याच दिवशी पोरगी आईवरचा राग घेऊन आत गेली असती, तं संध्याकाळी थो राग कुठं ठेवला असता तिनं? माह्याच घरी आणला असता न."